तक्षक सुटला कसा?

आमच्या शेजारच्या काकू महाभारत सांगतात ते नात्यातल्या कुणाची भानगड सांगावी तसं. देवळात सध्या आदिपर्व चाललंय. बुवांचं निरूपण संपलं, प्रसाद वाटून झाला, की काकू घरी येतात आणि मेंदीच्या कुंपणापाशी थांबून आज कोण चुकलं, कुणी कुणाचे कान भरले, कुणाच्या आईनं कुणाला काय शाप दिला, याचा पंचनामा करतात. कुंपणाच्या अलीकडे मी. पलीकडे ओट्यावर अण्णा. त्यांची सगळी नोकरी दिवाणी कोर्टात नाझर म्हणून गेली, त्यामुळे ते मध्येच बोलतात ते कोर्टाच्याच भाषेत.

परवा काकू आल्या त्या तणतणत.

"सुटला गं तो!"

"कोण सुटला?"

"तक्षक. परीक्षिताला चावलेला. एवढं मोठं सर्पसत्र मांडलं त्याच्या मुलानं, त्या जनमेजयानं. पांढरे साप, काळे साप, निळे साप, म्हातारे, कोवळे, सगळे ओढले जाऊन आगीत पडले. कुणाची पोरं, कुणाच्या आया. ज्यांनी परीक्षिताचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं ते मेले, आणि ज्यानं खून केला तो वरच्या वर सुटला. हा काय न्याय झाला?"

"अपिलात सुटला असेल," अण्णा म्हणाले.

"अपील कसलं! एक पोरगा आला, यज्ञाची चार गोड शब्दांत स्तुती केली आणि सोडवून घेऊन गेला."

"मग तुमचं म्हणणं काय, तोही जळायला हवा होता?"

"निदान आधी तो, मग बाकीचे."

काकूंचा राग खोटा नव्हता. पण मला तक्षकाचीही बाजू आठवत होती, आणि काकूंना विरोध केल्याशिवाय गप्पा रंगत नाहीत हेही माहीत होतं. म्हटलं, "काकू, खांडववन विसरलात? यमुनेकाठचं ते रान कृष्णानं आणि या परीक्षिताच्याच आजोबानं, अर्जुनानं, अग्नीला खायला दिलं. दोघं दोन बाजूंना उभे राहिले आणि जे जे बाहेर पळायला बघेल ते ते मारत गेले. तक्षक त्या दिवशी घरी नव्हता, कुरुक्षेत्राकडे गेला होता. घरी होता त्याचा मुलगा अश्वसेन. आईनं पोराला गिळलं आणि पोटात घेऊन आकाशात झेप घेतली. अर्जुनानं बाणानं तिचं डोकं उडवलं. पोरगा तेवढा इंद्राच्या कृपेनं निसटला."

"हो, ते सांगितलं बुवांनी. सहाच जीव वाचले म्हणे. हा अश्वसेन, तो मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं."

"आणि मयानं जीव वाचवल्याच्या बदल्यात पांडवांना सभा बांधून दिली. ज्या मयसभेचं आपण लहानपणापासून कौतुक ऐकलं, तिच्या मागे ती राख आहे. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये 'मयसभा' म्हणून एक लेखच लिहिलाय. १९६७ साली. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या त्या. त्यांना ते नाग सरपटणारे वाटले नाहीत, रानात राहणारी माणसं वाटली, आणि रान जाळणं म्हणजे जमीन मोकळी करणं."

"म्हणजे अतिक्रमण," अण्णा.

"अहो, अतिक्रमण करणारे आधीपासून राहणारे नसतात!" काकूंनी त्यांना गप्प केलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण बुवा म्हणाले, तक्षक परीक्षिताला चावला तो शापामुळे. खांडवाचा सूड म्हणून नाही."

हे खरं आहे. महाभारतात तक्षक येतो तो शृंगी ऋषीच्या शापाचा हुकूम बजावायला. खांडववनाचा हिशेब तो तोंडानं काढत नाही. तो काढायला मुलगा पुढे कर्णपर्वात येतो. अश्वसेन कर्णाच्या बाणात शिरतो, कृष्ण रथ जमिनीत दाबतो, डोक्याऐवजी अर्जुनाचा मुकुट जातो. परत आलेल्या अश्वसेनाला कर्ण म्हणतो की दुसऱ्याच्या जोरावर मला जिंकायचं नाही. कर्णाची ही गोष्ट मला त्याच्या दानशूरपणापेक्षा जास्त आवडते. दुसऱ्याच्या सुडाचं वाहन व्हायला त्यानं नकार दिला. मेला तो वेगळ्याच कारणानं.

काकूंना मात्र तक्षकाच्या कागदोपत्री निर्दोषपणावर विश्वास नव्हता. "ज्याचं घर जळलं, घरातली बाई मेली, तो काय कुणाच्या शापाची वाट बघत बसेल? त्याला निमित्त हवं होतं, त्या शृंगीनं दिलं."

"आणि शृंगीला कुणी दिलं?"

इथून गप्पा खऱ्या रंगल्या, कारण परीक्षिताचं प्रकरण म्हणजे नुसत्या क्षुल्लक गोष्टींचा डोंगर. साठीचा राजा. शिकारीला गेला, हरणाला बाण लागला पण हरीण पळालं, मागे धावून धावून दमला, भुकेला झाला. शमीक ऋषी दिसले, त्यांना विचारलं, हरीण इकडून गेलं का? त्यांचं मौनव्रत. राजाला ते माहीत नव्हतं. त्यानं धनुष्याच्या टोकानं एक मेलेला साप उचलला आणि त्यांच्या खांद्यावर टाकला. ऋषी काही बोलले नाहीत. राजाचंही डोकं थंड झालं असावं, तो खाली मान घालून घरी गेला. प्रकरण तिथेच मिटलं होतं.

"मिटलं होतं ना! मग?"

"मग तो कृश. शृंगीचा मित्र. त्यानं शृंगीला डिवचलं. मोठा तपस्वी म्हणून मिरवतोस, आणि तुझा बाप गळ्यात मेलेला साप घेऊन बसलाय. एवढं ऐकल्यावर पोरानं पाणी घेतलं हातात आणि सात दिवसांत तक्षक चावेल असा शाप देऊन मोकळा झाला."

काकू गप्प झाल्या. मीही. कृश म्हणजे कोण, हे दोघींच्याही एकदमच लक्षात आलं असावं. तोही असाच कुठेतरी कुंपणापाशी उभा राहून बोलला असेल. त्याचा अपमान झालेला नव्हता, त्याचं काही गेलेलं नव्हतं, त्याला गंमत हवी होती. महाभारतानं त्याचं नाव नोंदवून ठेवलंय याचं मला बरं वाटतं. अशा लोकांची नावं सहसा राहत नाहीत.

"पण बाप चांगला हो," काकू म्हणाल्या. "ज्याच्या खांद्यावर साप पडला तो शमीक पोरावरच रागावला. म्हणाला, अरे, हा राजा आपलं रक्षण करतो म्हणून आपण इथे बसून तप करतो. त्याला माझं मौन ठाऊक नव्हतं. आणि लगेच शिष्य पाठवला राजाला सावध करायला, गौरमुख का कोण."

"फिर्यादीनं स्वतःच आरोपीला नोटीस दिली," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता. "असं आमच्या कोर्टात एकदाही पाहिलं नाही मी."

मला या सगळ्या कथेत पहिला शहाणा माणूस हाच वाटतो. अपमान त्याचा झाला, सूड मुलानं मागितला, आणि ज्याचा अपमान झाला तोच सूड अडवायला धावला. त्याचा उपयोग झाला नाही ही गोष्ट वेगळी.

झाला नाही कारण मध्ये तो काश्यप आला. काकूंचा खास राग या काश्यपावर. विष उतरवणारा ब्राह्मण. राजाला साप चावणार ही बातमी ऐकून तो हस्तिनापुराकडे निघाला होता, राजा वाचला तर बिदागी मिळेल म्हणून. वाटेत तक्षकानं त्याला गाठलं. म्हणाला, एवढा वैद्य असशील तर बघ. एका वडाला चावला आणि वडाची राख झाली. काश्यपानं मंत्र म्हटला, आधी अंकुर, मग पानं, मग फांद्या, करत करत आख्खा वड पुन्हा उभा केला. लाकडं तोडायला वर चढलेला एक माणूस झाडाबरोबर जळाला होता, तोही फांदीवर जिवंत. तक्षकानं विचारलं, राजाकडून किती मिळेल? त्याहून जास्त मी देतो, परत जा.

"आणि गेला!" काकूंनी मेंदीची एक काडी तोडली. "परत गेला पैसे घेऊन! वर सांगतात काय, तर दिव्य दृष्टीनं पाहिलं की राजाचं आयुष्यच संपलंय. पैसे हातात पडल्यावर बरी दिव्य दृष्टी उघडली!"

"पण तो लाकूडतोड्या झाडावर होता म्हणून तर कळलं ना हे सगळं," अण्णा म्हणाले. "त्यानं गावात येऊन सांगितलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. त्याच्या जबानीवर पुढचं सगळं उभं आहे. जनमेजयाचा मुद्दा बघ. शाप ऋषीनं दिला, ठीक. तक्षकानं तो बजावला, तेही ठीक. पण नुसता हुकूमच बजावायचा होता तर वैद्य आला असता, राजा वाचला असता, त्यात तक्षकाचं काय जात होतं? वैद्याला पैसे देऊन परत पाठवला, म्हणजे हेतू सिद्ध झाला."

मान्य करायला हवं, अण्णांचा मुद्दा बिनतोड आहे. मूळ कथेत जनमेजय जवळपास हेच बोलतो.

पण जनमेजयाला हे कधी कळलं? बाप गेला तेव्हा तो लहान होता, लहानपणीच गादीवर बसवला. पुढे मोठा झाला, काशीच्या राजकन्येशी, वपुष्टमेशी लग्न झालं, तक्षशिला जिंकून आला. सुखात होता. तेवढ्यात उत्तंक दारात आला. उत्तंकाचं स्वतःचं दुखणं वेगळंच. गुरुपत्नीसाठी आणलेली कुंडलं तक्षकानं नग्न भिक्षूचं सोंग घेऊन पळवली होती. ती पाताळापर्यंत जाऊन परत मिळवलीही होती. गुरुपत्नीला वेळेवर पोचलीही होती. तरी जळफळाट राहिलाच, आणि स्वतःच्या अंगात बळ नाही म्हणून तो राजाकडे आला. बापाचा खुनी मोकळा फिरतोय आणि तू इथे पोरखेळ करतोस? राजानं मंत्र्यांना विचारलं, माझे वडील कसे गेले ते सांगा. त्यानं ते मरण पाहिलेलं नव्हतं, आठवत नव्हतं. त्याला ते दुसऱ्यानं सांगितलं, आणि सांगणाऱ्याची कुंडलं चोरीला गेलेली होती.

"आमच्याकडे बांधाचे दावे असेच चालायचे," अण्णांनी पेपर बाजूला ठेवला. "मूळ वादी मेला, मूळ प्रतिवादी मेला. दर वेळी अर्ज यायचा, मयताचे वारस रेकॉर्डवर घ्यावेत. नवी पोरं यायची, त्यांना बांध कुठला तेही ठाऊक नसायचं. पण तावातावानं उभी राहायची. तडजोड करा म्हटलं की म्हणायची, आज्याला काय वाटेल? आजोबाला जाऊन वीस वर्षं झालेली."

नागांकडची बाजू तरी कुठे स्वच्छ होती! त्यांना जाळणारा शाप दिला त्यांच्याच आईनं. कद्रूनं सवतीशी पैज लावली, उच्चैःश्रवा घोड्याची शेपटी काळी म्हणून. ती पांढरी. मग पोरांना म्हणाली, शेपटीत जाऊन काळे केस होऊन लटका. काही पोरांनी लबाडीला नकार दिला, तर म्हणाली, जनमेजयाच्या यज्ञात जळून जाल. जन्मदात्रीनं! "आणि जनमेजय तेव्हा जन्मायचा होता," काकू म्हणाल्या, "म्हणजे बघ, सुडाची तयारी किती आधीपासून."

मला याहून आवडतो तो पुढचा भाग, नागांची बैठक. वासुकीनं सगळ्यांना बोलावलं, काय करायचं विचारलं. आणि मग जे झालं ते कुठल्याही गावच्या सभेत होतं तेच. एक म्हणाला, आपण ब्राह्मण होऊन राजाकडे जाऊ आणि यज्ञ करू नका म्हणून विनवू. दुसरा म्हणाला, मंत्री होऊन त्याच्या दरबारात शिरू आणि उलटा सल्ला देऊ. तिसरा, यज्ञ करणाऱ्या पुरोहितालाच चावू. त्यावर सज्जन नागांनी कान धरला, ब्रह्महत्या? छे! मग एकाला सुचलं, आपण ढग होऊ आणि पाऊस पाडून आग विझवू. दुसऱ्याला, रात्री जाऊन यज्ञाची भांडी चोरू. तिसऱ्याला, सगळ्या अन्नात घाण करून ठेवू. कुणी म्हणालं राजाला पळवून आणू, कुणी म्हणालं चावून टाकू, मुळावरच घाव.

काकू हसून हसून कुंपणावर वाकल्या. "आमच्या भजनी मंडळाच्या बैठकीत यापेक्षा बरे उपाय निघतात."

वासुकीला एकही पटला नाही. मग एलापत्र नावाचा नाग बोलला. शाप दिला गेला तेव्हा तो भीतीनं आईच्या मांडीत शिरून बसला होता आणि तिथून त्यानं देवांचं बोलणं ऐकलं होतं. उपाय असा: जरत्कारू नावाचा तपस्वी आहे, तो भिक्षा म्हणून बायको मागत फिरेल, तेव्हा आपली बहीण त्याला द्यायची. त्यांचा मुलगा हे थांबवेल.

बैठकीतले बाकीचे सगळे उपाय एका रात्रीत उरकणारे होते. जो लागू पडला त्याला एक पिढी लागली, आणि त्याची किंमत एका बाईनं मोजली. वासुकीची बहीण. तिचंही नाव जरत्कारूच, कारण त्या तपस्व्याची अटच तशी, नाव माझंच हवं, भिक्षेत मिळायला हवी आणि मी पोसणार नाही. हे लग्नही त्याला स्वतःसाठी नकोच होतं. पितर एका खड्ड्यावर गवताच्या मुळाला उलटे लटकलेले दिसले, मूळ उंदीर कुरतडतोय, वंश नाही तर खाली पडणार, म्हणून तयार झाला. एकदा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. सूर्य मावळायला आला. उठवावं तर रागावेल, न उठवावं तर संध्या चुकेल. तिनं उठवलं. तो म्हणाला, अपमान झाला, मी चाललो. तेव्हा तिच्या पोटात आस्तिक होता.

"मी झोपेत असताना सूर्याची मावळायची काय हिंमत, असं म्हणाला म्हणे," काकू.

"पुरुष तपस्वी झाला तरी पुरुषच," मी.

"माझं नाव घेऊ नका," अण्णा.

अरुण कोलटकरांनी २००४ साली 'सर्पसत्र' नावाचं दीर्घकाव्य इंग्रजीत लिहिलं, त्यात या नागिणीला, आस्तिकाच्या आईला, बोलतं केलंय. आपल्या कोल्हापूरच्या माणसाला यज्ञाच्या मांडवात न जाता त्या मामाच्या घरात जावंसं वाटलं, ते मला फार पटतं. कारण खरं राजकारण तिथे झालं. भावाच्या घरी तिनं मुलगा वाढवला, च्यवन भार्गवाकडे शिकवला, आणि आग लागली तेव्हा त्याला सगळं सांगून म्हणाली, आता जा.

यज्ञमंडप कसा असेल बघा. काळे कपडे घातलेले ऋत्विज, धुरानं डोळे लाल. होता चंडभार्गव, उद्गाता कौत्स, ब्रह्मा जैमिनी. सदस्यांत खुद्द व्यास. दारावर पहारा, अनोळखी माणसाला आत सोडायचं नाही, कारण वास्तुविद्या जाणणाऱ्या लोहिताक्ष नावाच्या सूतानं आधीच सांगून ठेवलं होतं की एका ब्राह्मणामुळे हा यज्ञ पुरा होणार नाही. तरी आस्तिक आत गेला. स्तुती करून. ऐकून राजा खूश झाला, वर द्यायला निघाला. होता म्हणाला, जरा थांबा, तक्षक अजून आला नाही. तक्षक इंद्राच्या आश्रयाला बसला होता. मंत्र इंद्रासकट ओढायला लागले तेव्हा इंद्रानं त्याला सोडून दिलं.

"पाहिलंस, वर बसलेले कसे सोडतात ते!" काकू.

आणि तक्षक आगीकडे यायला लागला, ऋत्विज म्हणाले झालं, आता द्या वर, नेमकं त्याच क्षणी आस्तिक म्हणाला, यज्ञ थांबव. वरून पडणाऱ्या तक्षकाला तीन वेळा म्हणाला, थांब. तक्षक अधांतरी लटकला. राजानं गयावया केली. सोनं घे, रुपं घे, गाई घे, पण हे मागू नकोस. पोरगा हलला नाही. शेवटी यज्ञातले जाणते सदस्यच एकमुखानं म्हणाले, वर दिला पाहिजे.

"म्हणजे यज्ञ करणाऱ्या मंडळींनीच थांबवला म्हणायचा," अण्णा म्हणाले.

तेच. आणि मला वाटतं, थांबवायची सोय राजानं कधीच करून ठेवली होती, स्वतःच्या नकळत. याच आदिपर्वात सुरुवातीला एक गोष्ट येते. जनमेजयाच्या भावांनी यज्ञात आलेल्या एका कुत्र्याच्या पिल्लाला उगाच मारलं. त्याची आई सरमा येऊन म्हणाली, माझ्या निरपराध लेकराला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं संकट येईल. घाबरून राजानं चांगला पुरोहित शोधला, सोमश्रवा. त्याचा बाप श्रुतश्रवा म्हणाला, हा मुलगा नागिणीच्या पोटचा आहे, आणि याचं एक व्रत आहे, ब्राह्मणानं मागितलेलं हा कधी नाकारत नाही. चालत असेल तर न्या. राजा म्हणाला, चालेल. अर्धा नाग पुरोहित दरबारात होता! सर्पसत्राच्या ऋत्विजांच्या यादीत त्याचं नाव नाही. त्याच्या व्रताचा नियम मात्र राजाच्या गळ्यात पडला.

"आणि व्यास?" काकूंनी मला पेचात पकडलं. "ते तर मांडवातच होते. ते का नाही थांबा म्हणाले? त्यांना तर माहीत होतं सगळं."

माहीत होतंच. व्यासांचे वडील पराशर, त्यांनीही एकदा हेच केलं होतं. राक्षसानं त्यांच्या बापाला, शक्तीला, खाल्लं म्हणून राक्षससत्र मांडलं. म्हातारे कोतारे, पोरं, सगळे राक्षस जाळायला लागले. तेव्हा पुलस्त्य आले, म्हणजे राक्षसांचेच पूर्वज, आणि म्हणाले, ज्यांना काही माहीतही नाही त्यांना मारून तुला काय मिळतंय? पराशरांनी थांबवलं. त्याआधी आजोबा वसिष्ठांनी त्यांना और्वाची गोष्ट सांगितली होती. और्वाचं सगळं भृगुकुळ कापून काढलं होतं, पोटातल्या गर्भांसकट. तो सगळं जग जाळायला निघाला, तर मेलेले पितरच येऊन म्हणाले, आमच्यासाठी नको. शेवटी त्यानं ती रागाची आग समुद्रात टाकली.

म्हणजे व्यासांच्या घरात हे एकदा घडून गेलं होतं. तरी ते बोलले नाहीत. का, ते व्यासांनी लिहिलेलं नाही. माझा तर्क असा की घरच्या म्हाताऱ्याचं कोण ऐकतं? ते जनमेजयाचे पूर्वजच. त्यांनी दुसरं केलं. यज्ञाच्या मधल्या मोकळ्या वेळात शिष्याला, वैशंपायनाला, सांगायला बसवलं, तुझ्या घराण्यात कोण कोण कुणाला मारत आलं ते सगळं ऐक. आपण ज्याला महाभारत म्हणतो ते त्या मांडवात सांगितलेलं आहे. भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी १९३३ साली आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती पुरी केली, ढीगभर पोथ्या ताडून कितीतरी श्लोक बाहेर काढले, पण आस्तिकाची ही कथा जागच्या जागी राहिली.

काकूंचं समाधान झालेलं दिसत नव्हतं. "ते सगळं ठीक. पण तक्षक सुटलाच."

तेव्हा मी त्यांना त्यांचीच नागपंचमीची कहाणी आठवून दिली. त्या दर श्रावणात पाटावर गंधानं नाग काढून वाचतात ती. शेतकऱ्यानं त्या दिवशी नांगर धरला, वारुळातली पिल्लं मेली. नागीण आली, रक्तानं माखलेला फाळ पाहिला, घरात जाऊन सगळ्यांना चावली. एक लेक सासरी उरली होती, तिलाही संपवायला निघाली. बघते तर ही नागाची चित्रं काढून पूजा करतेय, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवतेय. नागीण प्रसन्न झाली, अमृत दिलं, लेकीनं माहेरची माणसं जिवंत केली.

"हो. शेवट गोड."

"कुणाचा गोड? शेतकऱ्याची माणसं उठली. नागिणीची पिल्लं?"

काकू उत्तर द्यायला तोंड उघडून तशाच राहिल्या. इतकी वर्षं कहाणी वाचतात त्या. पिल्लं उठत नाहीत. कहाणीत त्यांचा पुन्हा उल्लेखही नाही. नागीण अमृत देते ते पिल्लं मेलेली असतानाच देते.

"हिशेब बरोबरीत आला की थांबू, असं म्हणणारा कधीच थांबत नाही काकू," मी म्हटलं. "और्वाचे पितर परत आले नाहीत. पराशराचा बाप आला नाही. शमीकाच्या खांद्यावर साप पडला तो पडलाच. थांबणाऱ्याच्या पदरी नेहमीच काहीतरी कमी राहतं. तक्षक जळेपर्यंत थांबायचं नाही असं जनमेजयानं ठरवलं असतं, तर तो जळला असता, आणि मग त्याची पोरं आली असती."

"वारस रेकॉर्डवर," अण्णा पुटपुटले.

"आणि जनमेजयाचं कौतुक असं की एकदा थांबल्यावर तो मनापासून थांबला. आस्तिकाचा राग धरला नाही. पुढे माझ्या अश्वमेधाला सदस्य म्हणून ये, म्हणाला. यज्ञ पुरा होणार नाही असं भाकीत करणाऱ्या त्या लोहिताक्षालाही धन दिलं. आणि वाचलेल्या नागांनी आस्तिकाला वर दिला, जो तुझं नाव घेईल त्याच्या वाटेला आम्ही जाणार नाही."

"म्हणून तर परसात साप दिसला की मी आस्तिकाचं नाव घेते," काकू म्हणाल्या. मग विचार करून, कोर्टाचा निकाल द्यावा अशा आवाजात, अण्णांकडे न बघता त्यांनी सांगितलं, "बरं. तक्षकाला सोडलं ते सोडलं. त्याची बायको गेली होती. शृंगी पोर होतं. त्या उत्तंकालाही एक वेळ सोडीन. पण तो काश्यप! हातात उपाय होता, रस्त्यावर निघालेला होता, आणि पैसे मोजून घेऊन परत फिरला. त्याला मी काही सोडायची नाही."